सांग, गाडी कुणाची

गाडी डॉक्टरीणबाईंची होती. त्या तीन आठवडे लेकीकडे परदेशी गेल्या आणि जाताना क्लच बदलायला गाडी आमच्या गॅरेजात टाकून गेल्या. आमच्या म्हणजे मालकाच्या. माझा नवरा तिथे मेकॅनिक, मी तिथेच गाड्या धुते, आणि गॅरेजच्या मागे मालकाने दिलेल्या एका खोलीत आम्ही राहतो. सुट्टीचे चार दिवस गॅरेज बंद, मालक सासुरवाडीला, शटरची किल्ली नवऱ्याच्या खिशात. नवरा म्हणाला, नवा क्लच जरा पळवून बघायलाच लागतो. तो पळवतात गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. आम्ही तो सव्वादोनशे किलोमीटर पळवणार होतो, माझ्या थोरल्या दिरांच्या दारापर्यंत.

का, तेही सांगते. दीर विम्याचे सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि नुकसान किती ते ठरवायचं, हे त्यांचं काम. सगळ्या गॅरेजवाल्यांशी त्यांची उठबस. त्यांच्या शहरात एका कंपनीचं मोठं वर्कशॉप निघत होतं, चाळीस माणसांचं, आणि तिथे फोरमन हवा होता. दिरांनी शब्द टाकला की काम झालं, असं नवऱ्याला कुणीतरी सांगितलं. त्याने फोन केला. दीर म्हणाले, अरे, ज्याला स्वतःच्या दारात एक गाडी उभी करता आली नाही, त्याच्या हाताखाली चाळीस माणसं कशी देऊ? हसत म्हणाले. दीर सगळं हसतच म्हणतात. पुढे म्हणाले, सुट्टीत या सगळे, मग बघू.

ते 'मग बघू' नवऱ्याच्या डोक्यात शिरलं ते निघेना. तीन दिवस त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने डॉक्टरीणबाईंची गाडी आमच्या खोलीपुढे आणून लावली आणि मला म्हणाला, धुऊन काढ. दादाला दिसली पाहिजे.

मी काही हरिश्चंद्राची लेक नाही. एकदा म्हटलं, मालकाला कळलं तर नोकरी जाईल, खोली जाईल, आपण तिघं रस्त्यावर. तो म्हणाला, फोरमन झालो तर कंपनीचं घर मिळेल, दोन खोल्यांचं, संडास आत. मी बादली भरली. संडास आत, एवढ्या दोन शब्दांना मी विकली गेले. कुणाला हसायचं असेल तर त्याने रोज सकाळी डबा घेऊन सात माणसांच्या मागे उभं राहून बघावं.

नवऱ्याने बाईंच्या वस्तू काढून पिशवीत भरल्या. आरशाला लटकवलेला नातवाचा फोटो, गॉगल, हातमोजे. पिशवी आमच्या पलंगाखाली गेली. त्यांच्या जागी आमचं सामान आलं: पोरीची टोपी, एक जुनं वर्तमानपत्र, माझा कंगवा. म्हणजे गाडी वापरातली वाटावी. डोकं चालवतो माझा नवरा. नको तिथे फार चालवतो.

पोरीला आम्ही भिंगरी म्हणतो. पाच वर्षांची आहे आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शेजारणीला कोणता डॉक्टर काय म्हणाला, हे गल्लीत सगळ्यांना भिंगरीकडूनच कळलं होतं. म्हणून खरी धास्ती तिची होती. शिवाय तिला गाडी लागते. आणि सीट होत्या दुधासारख्या पांढऱ्या.

नवऱ्याने तोड काढली. पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार? तेव्हा पोचेपर्यंत भिंगरीला खायला नाही, प्यायला नाही. पाच तासांचा तर रस्ता, मरत नाही कुणी पाच तासांत, असं तो म्हणाला. मीसुद्धा तेच म्हणाले असते, तो आधी म्हणाला इतकंच.

सकाळी निघालो. सीटवर जुनी चादर अंथरली, तिच्यावर भिंगरी, शेजारी मी. शहर मागे पडल्यावर नवऱ्याने आरशातून शिकवणी सुरू केली.

गाडी कुणाची? आपली. कुणाकडून घेतली? एका साहेबांकडून. का घेतली? बाबांचा पगार वाढला म्हणून. आधी कुणाची होती? इथे पोरगी अडायची. ती म्हणायची, डॉक्टरीणबाईंची. मग मी तिच्या दंडाला चिमटा काढायची. जोरात नाही काढला, असं लिहिणार होते. जोरातच काढला. वळ उठल्याशिवाय पोराच्या डोक्यात काही बसत नाही, असं आमच्या घरी आई म्हणायची, आणि मी तिच्याचकडे वाढले.

तासाभरात भिंगरीचं पाठ झालं. तिला खेळ वाटला. ती चालीवर म्हणायला लागली, मध्येच हसायला लागली. नवरा खूश झाला. म्हणाला, पोरगी माझ्यावर गेली आहे.

मग वळणं सुरू झाली. भिंगरी गप्प झाली, ओठ पांढरे पडले. मी म्हटलं, अहो, थांबवा. नवरा ट्रकला ओलांडत होता. म्हणाला, एक मिनिट. त्या एका मिनिटात तिला उलटी झाली. मी दोन्ही हात पुढे केले आणि ती ओंजळीत घेतली. पोट रिकामं होतं तरी पिवळं पाणी आलंच. चांगलं ओंजळभर. ते धरून मी बसले. काच उघडायला हात मोकळा नाही, नवरा ओरडतोय की सांडू नकोस, सांडू नकोस, आणि ट्रक काही संपत नाही. पोरीकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. आम्ही दोघंही माझ्या ओंजळीकडे बघत होतो.

पुढे एका टपरीवर थांबलो. नवऱ्याने चहा घेतला, मी हात धुऊन चहा घेतला. भिंगरीला चूळ भरायला पाणी दिलं, गिळायचं नाही अशी ताकीद देऊन. तिने घोट तोंडात धरला, माझ्याकडे बघितलं आणि गिळला. नवऱ्याने ग्लास काढून घेतला. टपरीवाला म्हणाला, पिऊ द्या की हो लेकराला. नवरा म्हणाला, डॉक्टरांनी बंद केलंय. टपरीवाल्याने मान हलवली. डॉक्टरांचं नाव घेतलं की लोक काहीही ऐकून घेतात.

एक वाजता दिरांच्या दारात पोचलो. नवऱ्याने मुद्दाम दोनदा हॉर्न दिला. दीर, जाऊ आणि त्यांची कॉलेजातली मुलगी, तिघंही बाहेर आले. नवरा उतरला तो किल्ली बोटात फिरवत. दिरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. अगदी सावकाश, ठोकलेल्या गाडीभोवती मारत असतील तशी. मागच्या काचेशी जरा थांबले. मग हसून म्हणाले, "झकास आहे. बरीच चमकवलीय."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला. चमकवणारी मी होते.

दीर भिंगरीपुढे उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं की ही छान छान गाडी कुणाची गं? भिंगरीने एका दमात सगळं म्हटलं. आपली, साहेबांकडून घेतली, बाबांचा पगार वाढला. कुठे अडली नाही. जाऊबाईंनी तोंडावर हात धरला. पुतणीने फोन काढला आणि म्हणाली, परत म्हण, परत म्हण, मला घेऊ दे. भिंगरीने परत म्हटलं. दिरांनी तिला क्रीमचं बिस्किट दिलं.

दिवसभर हेच चाललं. शेजारचे आले, भिंगरीला बोलावलं, गाडी कुणाची, एक बिस्किट. दिरांच्या ऑफिसातले कुणी आले, गाडी कुणाची, एक बिस्किट. सकाळपासूनची उपाशी पोरगी. तिने हिशेब बरोबर ओळखला. पुढे पुढे तर कुणी विचारायच्या आधीच ती जाऊन समोर उभी राहायची. लोक पोट धरून हसायचे. मला वाटलं, पोरीचं कौतुक चाललंय. नवरा तर असा फुगला होता की खुर्चीत मावेना. दिरांना सांगत होता, गाडी घेताना इंजिनचा आवाज कसा ऐकावा. दीर माना डोलवत होते, हो का, असं का, म्हणत होते. फोरमनच्या जागेचं काय, असं नवऱ्याने एकदा विचारून घेतलं. दीर म्हणाले, उद्या जेवताना बोलू, घाई काय आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंगवा आणायला मी गाडीपाशी गेले. काचेवर दव पडलं होतं. सवयीने फडकं घेतलं आणि मागची काच पुसायला लागले. पुसता पुसता हात थांबला.

आमच्या गॅरेजात गाडी आत आली की मालक तिच्या मागच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, पांढऱ्या रंगाने आकडा घालतो. कामाच्या कागदावर तोच आकडा. गाडी सोडताना मालक स्वतः तो खरवडतो, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी नवी होते तेव्हा एकदा पुसला होता, तर मालकाने सगळ्या पोरांसमोर माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या. तेव्हापासून माझा हात आपोआप आकडा सोडून फिरतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ती काच आरशासारखी लख्ख केली होती, कडेकडेने, आणि उजव्या कोपऱ्यात एकोणचाळीस तसाच ठेवला होता. त्यामुळे तो जास्तच उठून दिसत होता. नवऱ्याने सव्वादोनशे किलोमीटर आरशातून तो बघितला आणि त्यालाही दिसला नाही. आमच्या डोळ्यांना आकडा नसलेली गाडीच उघडी वाटते.

आणि दीर जन्मभर गॅरेजं फिरलेला माणूस.

मी नखाने आकडा खरवडायला लागले. मागून पुतणी आली. हातात ब्रश, तोंडात पेस्टचा फेस. थुंकून म्हणाली, राहू दे काकू, बाबांनी काल तुम्ही उतरतानाच बघितला. मग फोन काढून तिने मला दाखवलं. भिंगरी उभी आहे, हात मागे बांधून, गाडी आपली, साहेबांकडून घेतली. खाली पुतणीने लिहिलं होतं, गॅरेजची गाडी आणि पढवलेला पोपट. नात्यातल्या एकूण एक माणसांनी बघितलं होतं. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारी तोंडं पाठवली होती. माझ्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा. पुतणी वाईट नाही. तिला वाटलं, मीही हसेन.

मी नवऱ्याला झोपेतून हलवून सांगितलं. तो उठून बसला. मग म्हणाला, आत्ता निघू. पण पोरीला आंघोळ, जाऊबाईंचा आग्रह, दिरांचं 'जेवल्याशिवाय कसे जाता' यात अकरा वाजले आणि पानं वाढली गेली.

सगळे जेवायला बसलो. दीर भात कालवत म्हणाले, भिंगरी, इकडे ये, गाडी कुणाची ते सांग बघू. भिंगरी उठली, त्यांच्यासमोर उभी राहिली, एक डोळा बिस्किटांच्या डब्यावर. गाडी आपली. साहेबांकडून घेतली. बाबांचा पगार वाढला. नवरा थांब म्हणाला नाही. मीही म्हणाले नाही.

"मग मागच्या काचेवर एकोणचाळीस कुणी लिहिलं?" दिरांनी विचारलं.

हे आम्ही शिकवलं नव्हतं. भिंगरीने नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. पाच वर्षांच्या डोक्यात जेवढं येईल तेवढं तिने ओढून आणलं.

"मी," ती म्हणाली. "मीच लिहिलं."

पुतणी फस्सकन हसली. दिरांनी खिशातलं पेन काढलं, वर्तमानपत्राचा कोपरा पुढे सरकवला आणि म्हणाले, लिहून दाखव. भिंगरीला दहापर्यंत येतात. तिने एकपासून सुरुवात केली. जीभ बाहेर काढून, एकेक आकडा गिरवत दहापर्यंत गेली. मग थांबली. पेन हातात धरून तशीच उभी राहिली. जाऊबाई म्हणाल्या, पुरे करा, भात गार होतोय.

दीर हसायचे थांबले. त्यांना न हसताना मी पहिल्यांदा बघत होते. नवऱ्याला म्हणाले, ती फोरमनची जागा मागच्याच महिन्यात भरली, तुला कळवायचं राहून गेलं. जाऊ दे, ते सोड. पण तुझा मालक माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. सोमवारी एका गाडीसाठी मला त्याच्याकडे जायचंय. गिऱ्हाइकाची गाडी बाहेर कशी गेली, हे त्याने विचारलं तर मला काहीतरी सांगावं लागेल.

"तू क्लच बघायला काढलीस आणि सहज इकडे आलास, असं मी सांगू शकतो," ते म्हणाले. "तसं असेल तर गाडी आपली, गाडी आपली, हे पोरगी मनानेच बोलत असणार. का तू शिकवलंस? एकदाच सांग. खोटं कोण बोललं, तू का पोरगी?"

नवऱ्याच्या हातात घास होता. तो त्याने ताटात ठेवला.

"पोरगी," तो म्हणाला.

आणि मग, नुसत्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही असं त्याला वाटलं असावं, म्हणून तो अर्धवट उठला आणि त्याने भिंगरीच्या थोबाडीत मारली. खरकट्या हाताने. तिच्या गालाला भाताची शितं चिकटली. ती रडली नाही. पेन पडलं ते उचलून तिने दिरांना परत दिलं.

दिरांनी माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हणतेस?"

त्या वेळी माझ्या मनात काय काय आलं, ते सांगून मी स्वतःला बरी बाई ठरवणार नाही. मनात खोली आली. खोलीचा पत्रा, गॅरेजचा नळ, महिन्याचा किराणा. पोरगीही आली, पण रांगेत मागे.

"तिला सवयच आहे, भाऊजी," मी म्हणाले. "कुठून काय उचलते, कळत नाही."

दीर म्हणाले, मग आत्ताच मोडायला हवी. मोठी झाल्यावर जड जातं. भिंगरीला म्हणाले, सगळ्यांची माफी माग. एकेकाची. मी खोटं बोलले, परत बोलणार नाही, असं म्हणायचं.

भिंगरीला पाठ करायची सवय झाली होती. तिने आधी दिरांना म्हटलं. दिरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, शाबास म्हणाले. मग जाऊबाईंना. त्यांनी पदराने तिच्या गालावरची शितं पुसली. मग पुतणीला. पुतणीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता, ती उठून आत गेली. भिंगरी तिच्या रिकाम्या पाटापुढे उभी राहून म्हणाली. मग नवऱ्याला. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, ठीक आहे, पुन्हा नाही करायचं.

शेवटी माझ्यापुढे आली. गालावर चार बोटं उठली होती, एक कान लाल. म्हणाली, "आई, मी खोटं बोलले. परत बोलणार नाही." आणि तिथेच उभी राहिली. बरोबर म्हटलं का, हे ती माझ्या तोंडावर शोधत होती.

मी म्हटलं, बरं.

ती हलली नाही. तेव्हा मी तिला म्हटलं, जा, हात धुऊन ये आणि जेवायला बस. ती गेली. दिरांनी नवऱ्याला विचारलं, भात घेतोस का अजून? नवऱ्याने ताट पुढे केलं.